चोख जवळा

आईचा आणि माझा धंदा एकच, असं मी थट्टेनं म्हणायचे. दोघींचं वैर पाण्याशी. ती किनाऱ्यावर नरपड गावी आमच्या अंगणात जवळा वाळवते, नखाएवढी कोळंबी असते ती. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुने वाळवते. जवळ्यात ओल राहिली की तो लाल पडतो आणि वास मारतो. माझ्या नमुन्यात ओल राहिली की पाणीच सगळा उजेड पिऊन टाकतं आणि बाकी काही दिसत नाही. आई मूठभर जवळा उचलून कानाशी नेते आणि मूठ हलवते. वाजला तर वाळला. इतकी साधी गोष्ट मला जमली नाही म्हणून मला पीएचडी करावी लागतेय, असं ती शेजारणींना सांगते.

मी ज्या उजेडानं काम करते तो डोळ्यांना दिसत नाही. तांबड्या रंगाच्या पलीकडचा, चुलीसमोर बसल्यावर तोंडाला जाणवतो तो, अवरक्त. तो एखाद्या वस्तूवर टाकला की तिच्यातले एकमेकांना धरून असलेले अणू थरथरतात, आणि ज्याच्या थरथरण्याची जी लय, तेवढा उजेड ती वस्तू ठेवून घेते. उरलेला मोजून मशीन एक रेघ काढतं. रेघेत जिथे खड्डा, तिथला उजेड खाल्ला गेला. खड्ड्यांच्या जागा वाचून आम्ही सांगतो की ही चरबी, हे मांस, हे प्लॅस्टिक. याला वर्णपटशास्त्र असं भारदस्त नाव आहे. एकदा ओट्यावर बसून मी हे सगळं आईला समजावलं. तिनं पाटीतला जवळा निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे तुमचा उजेड माल चाखून बगतो." माझ्या प्रबंधाची प्रस्तावना अठरा पानांची आहे.

माझे वडील मी आठवीत असताना गेले. समुद्रावर नाही, घरीच, भर दुपारी, छातीत कळ येऊन. बोट भागीदारीतली होती ती भागीदाराकडे गेली. आमच्याकडे राहिलं त्यांचं जाळं, बारीक आसाचं, म्हणजे लहान भोकांचं, हिरवं, नायलॉनचं. आईनं ते घडी करून माळ्यावर ठेवलं आणि त्याला कोणाला हात लावू दिला नाही.

नववीत मी भारी शहाणी झाले होते. शाळेत स्वच्छतेचा धडा झाला आणि घरी येऊन मी आईला ऐकवलं की जवळा वाळूवर पसरणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. खाताना दाताखाली कचकच लागते, वाळूत कुत्री फिरतात, हे असलं कोण खाणार? त्यापेक्षा खाली बाबांचं जाळं पसर. आई आधी चिडली. त्यांचं जाळं मातीत घालू, त्यावरून चालू? मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात हिरवं जाळं पसरलेलं आणि त्यावर गुलाबी जवळा. आई कडेनं अनवाणी फिरत पायानं जवळा सारखा करत होती. चपला तिनं उंबऱ्याशी काढल्या होत्या.

तेव्हापासून आमच्या जवळ्यात वाळू नाही. तलासरीच्या आठवडी बाजारात आईची ओळखच ती झाली, बिनवाळूच्या जवळ्याची बाई. पावसाळ्यात बोटी बंद, भाजी महाग, तेव्हा आतल्या पाड्यांवरच्या घरांना आमचा सुका माल हेच कालवण. त्याची पावसाआधीची भरणी म्हणजे आगोट. आगोटीच्या वेळी बायका आईसमोर बसून चिमूटभर जवळा तोंडात टाकत, चावत, मान डोलावत. मी कॉलेजात असताना सुट्टीत बरोबर जायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, ही युक्ती माझी.

गेल्या वर्षी फोनवर एक व्हिडिओ फिरला. कोणीतरी सुकी मासळी पेटवून दाखवत होता, ती वितळतेय, प्लॅस्टिक आहे, किनाऱ्यावरचा सुका माल खाऊ नका. मासळीतली चरबी पेटते, इतकं साधं होतं ते. पण तो व्हिडिओ पाड्यापाड्यांत पोचला. तलासरीला एक व्यापारी सीमेपलीकडून येऊन आईच्या दोन पाट्या दर खेपेला उचलायचा. त्यानं लांबूनच आत्ता नको म्हणून हात हलवला, "बेन, हमणां नथी जोइतुं." बायका येत, वास घेत, जवळा परत पाटीत टाकत. आई भरल्या पाट्या घेऊन टेम्पोनं घरी आली आणि तिनं मला फोन लावला.

"तुजा तो उजेड कवा कामाला येनार?" ती म्हणाली. "लोकांच्या मासळ्या बगतंस. आपली बग."

मी सुट्टीत येऊन जवळा घेऊन गेले. विद्यापीठातल्या मशीनवर दहा नमुने लावले. दहाही रेघा सारख्याच आल्या. मधोमध दोन मोठे खड्डे शेजारीशेजारी, प्रथिनांची ओळखीची खूण. कोळंबीच्या कवचाचे बारके खड्डे, थोडी चरबी. ज्या प्लॅस्टिकची लोक भीती घालत होते, पिशव्यांचं, बाटल्यांचं, त्याचा मागमूस नव्हता. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून फोन केला.

"आये, चोख आहे."

"चोख?"

"अगदी चोख."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती तलासरीला पाटीमागे बसली नाही, उभी राहून सगळ्यांना सांगू लागली. माझी पोर शास्त्र शिकलेली आहे, तिनं मशीनीत बघितलंय, माल चोख आहे, ज्याला शंका असेल त्यानं तिला फोन लावावा. आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात न बोललेली बाई. चार जणींनी खरंच मला फोन लावला आणि मी चौघींना हेच सांगितलं. हळूहळू गिऱ्हाईक परतलं. तो व्यापारीही परतला. मला त्या दिवसांत फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं शिकून घराला काही दिलं, असं पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं मी चघळत राहिले.

मग मी त्या दहा रेघा माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवल्या. कौतुक करून घ्यायलाच गेले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आणि नायलॉन? ते कशावरून वगळलंस?"

जे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर शिकवते तेच मी विसरले होते. मासा ज्या बंधांनी बनतो, त्याच जातीच्या बंधांनी नायलॉनही बनतं. मांसाच्या रेघेतले ते दोन मोठे खड्डे जवळजवळ त्याच जागी नायलॉनच्या रेघेतही असतात. जाळं आणि त्यात सापडलेला जवळा, दोघं आमच्या मशीनसमोर एकच बोली बोलतात. फरक असतो, पण तो बारक्या खड्ड्यांत, आणि आमच्या मशीनचा उजेड एका तापलेल्या कांडीतून येतो. सगळीकडे पांगणारा. त्याचा ठिपका केसाहून बारीक करायला गेलं तर उजेडच उरत नाही. धागा जवळ्यात रुतला असेल तर दोघांची मिळून एकच रेघ यायची, आणि ती मांसाचीच वाटायची.

"याला सिंक्रोट्रॉनचा उजेड लागेल," मॅडम म्हणाल्या. "अर्ज कर. आणि जवळ्याला जे जे लागतं त्या सगळ्याचे तुकडे घेऊन जा. पाटी, पोतं, जाळं."

आईला मी सांगितलं की अजून एक मोठं मशीन आहे, तिथेही बघून घेते, पक्कं होईल. तिनं जाळ्याच्या कडेचा तुकडा विळ्यानं मला स्वतः कापून दिला. "बाबांचं हाय, हरवू नको," म्हणाली.

सिंक्रोट्रॉनचं ते केंद्र दुसऱ्या राज्यात होतं. गोल इमारत, मधे नळीचं एक कडं, आणि त्या नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ उजेडाच्याच वेगानं धावत असतात. चुंबकांनी त्यांना वळवलं की वळणावर ते उजेड सांडतात, सगळ्या रंगांचा. त्यातला अवरक्त तेवढा आरशांनी बाहेर काढून आणून सूक्ष्मदर्शकाखाली सोडतात. या उजेडाचं मोठेपण असं की तो पांगत नाही. केसाच्या दहाव्या भागावर धरला तरी भरपूर उरतो. जगभरातले लोक त्यासाठी रांगेत असतात. मला तीन दिवसांची सकाळची पाळी मिळाली होती आणि मी नवी नवरी असल्यासारखी तिथे गेले होते.

जवळा मी पापुद्र्याएवढा पातळ कापून नेला होता. मशीनच्या पेटीत कोरडा नायट्रोजन सोडलेला, कारण हवेतली वाफसुद्धा रेघेत दिसते. वाकून बघणाऱ्याचा श्वासही दिसतो. मी ठिपक्यामागून ठिपका पुढे सरकवत गेले. मांस. मांस. कवच. मांस. पहिला दिवस असाच गेला आणि संध्याकाळी मी आईला फोनवर सांगितलं की सगळं ठीक दिसतंय.

दुसऱ्या दिवशी, जवळ्याच्या पोटाजवळ, पायांच्या गुंत्यात, एक हिरवट, धाग्यासारखी सळ दिसली. केसाहून कितीतरी बारीक, कडा फाटलेली. ठिपका तिच्यावर नेला. ते दोन मोठे खड्डे होतेच. पण त्यांच्या बाजूला, जिथे मांसाची रेघ नुसती लोळते, तिथे दोन टोकदार, स्वच्छ खड्डे. मी रेघ परत घेतली. परत तेच. तिसऱ्यांदा घेताना रेघेवर दातेरी काटे उठले आणि मशीन सांभाळणारे गृहस्थ मागून हळूच म्हणाले, "मॅडम, सांस जरा दूर छोडिए." मी धापा टाकत होते आणि माझाच श्वास त्या पेटीत शिरत होता.

मग मी त्या धाग्याला खोटं पाडायच्या मागे लागले. माझ्या कपड्यांचा असेल. सुती कुर्ता होता. हातमोज्यांचा असेल. नव्हता. रिकामी काच तपासली, स्वच्छ होती. दुसरा जवळा घेतला, त्यात दोन. तिसऱ्यात काहीच नाही, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं, इतका आनंद झाला. चौथ्यात पुन्हा एक. पोत्याचा धागा लावून बघितला, जुळला नाही. पाटीचा जुळला नाही. शेवटी बाबांच्या जाळ्याचा तुकडा लावला. दोन्ही रेघा पडद्यावर एकमेकींवर ठेवल्या तर एकच रेघ दिसत होती.

उन्हात नायलॉन कुजतं, ठिसूळ होतं, त्याची कुसळं सुटतात. इतकी वर्षं ते जाळं आमच्या अंगणात उन्हात होतं. मी पसरायला लावलं होतं. मी हट्ट केला होता, तोंड फुगवून. मी त्या स्टुलावर बसून होते आणि मला वाटत होतं की बाबा त्या काचेवर आहेत आणि मी त्यांना पकडून दिलं आहे. हे मूर्खपणाचं वाटणं होतं, पण होतं. पाळी संपल्याचं सांगायला ते गृहस्थ दोनदा आले.

मॅडमना मी सगळं पाठवलं. त्यांनी कळवलं की काम उत्तम झालंय, नमुने वाढव, प्रबंधात हेच जाईल, घरी काय सांगायचं ते तू ठरव.

मी घरी आले तेव्हा आगोट जोरात होती. आणि मी काही सांगितलं नाही. कारणं पुष्कळ होती. नमुने थोडे आहेत. अजून खात्री करायला हवी. एवढ्याशा कुसळानं काय होतं, हे जगात कोणालाच नीट ठाऊक नाही. आणि आई इतक्या वर्षांत पहिल्यांदा अशी बाजारात ताठ चालत होती. दर खेपेला पाट्या रिकाम्या करून येत होती. ती तलासरीहून आली की मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. असे तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत एक दिवस आतल्या कैनाड गावची एक बाई आली. ती आमच्या शेजारच्या चिकूच्या वाडीत रोजानं कामाला येते आणि दरवर्षी जाताना पावसाळ्याचा जवळा आमच्या अंगणातूनच नेते. आईच्याच वयाची, बोलायला मोकळी. तिनं सांगितलं की सुनेला सातवा लागलाय, ताकदीचं खायला सांगितलंय, मटण कुठून आणू, या वर्षी जवळा जास्त दे. आईनं पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात त्या बाईनं माझ्याकडे वळून विचारलं.

"बाय, तूच ना मशीनीत बगलास? पोटुशीला चालंल ना?"

आई हसत माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. तोंडानं हो म्हणाले नाही. नुसती मान हलवली, आणि त्याचीही मी नंतर मनाशी ढाल केली, की मी बोलले तर नव्हते. ती पिशवी डोक्यावर घेऊन गेली.

चारपाच दिवसांनी आम्ही दोघी दुपारी जेवायला बसलो होतो. तांदळाची भाकर, डाळ आणि कांद्यातला जवळा. लहानपणी मी यावर भांडायचे. आता आल्यापासून काही ना काही निमित्त सांगत होते, पित्त झालंय, पोट जड आहे. त्या दिवशी आईनं न विचारताच वाढला. मी डाळीशी दोन भाकरी खाल्ल्या आणि जवळा ताटाच्या कडेला सारून ठेवला.

आई ताटाकडे बघत होती.

"जवळा ठेवलास."

"भूक नाही गं."

"भाकरी दोन खाल्ल्यास. आलीस तवापासून नाय खाल्लास. मी बगते हाय."

मी ताटात बोट फिरवत बसले. तिनं हात धुतला नाही, तशीच बसून राहिली, आणि हळू विचारलं, "काय दिसलं तुला तिकडं?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात. धागा, रेघा, पहिल्यांदा मी केलेली चूक, जाळं आणि मासा सारखेच दिसतात ते.

"कसला धागा? रंग?"

"हिरवा."

बाहेर अंगणात जाळं पसरलेलंच होतं, त्यावर सकाळचा जवळा. दारातून दिसत होतं. मला वाटलं आता ती म्हणेल, तूच तर पसरायला लावलं होतंस. ते तिनं म्हणावं अशी मी मनातून वाटच बघत होते. तिनं म्हटलं नाही.

"तुला कवापासून ठावं?"

"तीन आठवडे झाले."

"कैनाडवालीला तू मान हलवलीस."

"हो."

"आन् तू नाय खाल्लास." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तुज्या तोंडाला नको झालं, ते तिच्या सुनंला दिलास. माज्या हातानं."

मी रडायला लागले तर ती उठून बाहेर गेली. जवळा तिनं पाटीत भरला नाही. जाळ्याची चारी टोकं धरली, जवळा आत तसाच, आणि सगळं मोटेसारखं बांधून मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. मग परसात उभी राहून बोंबलांच्या वलांडीकडे बघत राहिली. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील टांगलेले असतात.

"ही दोरी पन त्यातलीच ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो, नायलॉनचीच. त्या दिवशी चहा मीच केला आणि तो गार झाला.

सकाळी तिनं शेजारच्या वाडीतून पिशवीभर चिकू मागून आणले आणि मला म्हणाली, चल. आम्ही रिक्षानं कैनाडला गेलो. रस्ताभर ती बाहेर बघत होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. प्रमाण फार कमी आहे. पुरावे अजून अपुरे आहेत. भीती बाळगायचं कारण नाही, पण. प्रत्येक वाक्य त्या पणपाशी येऊन अडत होतं.

बाई घरीच होती, अंगण सारवत होती. आम्हाला बघून खूश झाली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. सून पोट सांभाळत बाहेर आली, तांब्या ठेवून परत आत चुलीपाशी गेली. घरात शिजत काय होतं ते वासावरून दारातच कळत होतं.

आई ओट्यावर बसली नाही. "हिला काय सांगायचं हाय," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

मी सांगितलं. आईला सांगितलं होतं त्याहून वाईट सांगितलं, अडखळत, मशीन, उजेड, असले नको ते शब्द मधे घालत. बाईचे हात शेणानं भरलेले होते, ते तिनं तसेच धरून ठेवले होते.

"म्हंजे जवळ्यात जाळं हाय," ती म्हणाली.

"हो. बारीक तुकडे. डोळ्यांना दिसत नाहीत."

"त्यानं काय व्हतं? पोराला काय व्हतं?"

"माहीत नाही."

"तुला ठावं नाय?"

"कोणालाच नीट ठाऊक नाही अजून. काही होणारही नाही कदाचित."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तिच्या तोंडावर नुसतं न समजणं होतं.

"ठावं नव्हतं," ती म्हणाली, "मंग मान कशाला हलवलीस, बाय?"

सूर्याहून लख्ख म्हणावा असा उजेड मी वापरला होता, त्यानं केसाचा दहावा भाग मला स्वच्छ दाखवला होता, आणि दिसल्यावर मी काय केलं तर मान हलवली.

बाईनं हात धुतले, आत गेली आणि चुलीवरचा टोप दोन फडक्यांनी धरून बाहेर आणला. आमच्यासमोर ओट्यावर ठेवला. कांदा घातलेला जवळा होता, वर तेल सुटलेलं. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती सकाळपासून जेवली नव्हती, तिचं लक्ष टोपाकडे होतं.

"दुसरं कालवण नाय आज," बाई म्हणाली. "आता तूच सांग. वाढू का नको?"

मी आईकडे बघितलं. काल दुपारपासून ती माझ्या डोळ्यांना डोळा देत नव्हती. आता दिला.

"मान नको हलवू," आई म्हणाली. "तोंडानं सांग."

मी म्हटलं, "नको वाढू."

बाईनं टोप उचलून मागच्या दारी नेला. सुनेनं भाकर घेतली, वाटीत मीठ आणि मिरची घेतली आणि तिथेच चौकटीपाशी बसून जेवायला लागली. चिकूची पिशवी कोणी उघडली नाही. सुनेचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघी अंगणात उभ्या होतो.